कार्ड चांगले, पण यादीत नाही : एका खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच जणांच्या एका छोट्या गटाचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेल्या त्रिमितीय प्रतिमांमधून एकेक पेशी वेगळी काढणे आणि तिचा आकार पडद्यावर फिरवून पाहता येईल अशा रूपात मांडणे, हे या गटाचे काम. यंत्रांची देखभाल माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे आलेले बहुतेक निर्णय एक तर मी घेतलेले आहेत किंवा माझ्या शिफारशीवरून घेतले गेले आहेत; त्यांतले दोन चुकले, हे आधीच सांगून टाकतो. ज्या दोन कंपन्यांची ग्राफिक्स कार्डे आम्ही वापरली त्यांना येथे ‘अ’ आणि ‘ब’ म्हटले आहे आणि ओळख पटवणारे तपशील गाळले आहेत.

आमच्या कामाला कार्ड दोन कारणांसाठी लागते. पेशी ओळखणाऱ्या मॉडेलचे प्रशिक्षण हे पहिले, आणि तयार झालेले त्रिमितीय चित्र दाखवणे हे दुसरे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकाच चिपवर चाललेली कामे वाटतात, आणि ती तशी असतातही. पण त्यांच्या मागचे सॉफ्टवेअर जवळजवळ पूर्ण वेगळे असते. चित्र दाखवण्यासाठी व्हल्कन किंवा ओपनजीएल यांसारख्या, सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेल्या मानकांचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, पुरतो. प्रशिक्षणासाठी मात्र प्रत्येक कंपनीचा स्वतःचा कंपायलर (कोड चिपच्या आज्ञांमध्ये उतरवणारा प्रोग्राम), गणिती लायब्ररींचा, म्हणजे तयार कोडच्या साठ्यांचा, संच आणि त्यांच्यावर उभी असलेली मोठी सार्वजनिक लायब्ररी, अशी सगळी उतरंड नीट रचलेली असावी लागते. मधले एक मडके हलले की वरची सगळी गडगडतात.

आमच्याकडे ‘अ’ कंपनीची दोन जुनी कार्डे होती, प्रत्येकी ८ जीबी मेमरीची. आमची एक प्रतिमा म्हणजे एकावर एक रचलेले शेकडो थर. ती अख्खी कार्डाच्या मेमरीत मावत नाही, म्हणून तिचे ठोकळे पाडून एकेक ठोकळा मॉडेलला दिला जातो. ठोकळा जितका लहान, तितक्या जास्त पेशी त्याच्या सीमेवर कापल्या जातात आणि त्या पुन्हा जोडण्याचे किचकट काम वाढते. ८ जीबीत आमचा अर्धा वेळ या जोडकामात जात होता. साहजिकच नवे कार्ड घेताना आमची नजर एकाच आकड्यावर होती, आणि तो होता मेमरीचा. ‘ब’ च्या कार्डावर २४ जीबी मेमरी होती, ‘अ’ च्या त्याच श्रेणीतल्या कार्डावर १२. कागदावर तुलना तिथेच संपली. आम्ही ‘ब’ ची चार कार्डे घेतली.

पूर्वतयारी अजिबात केली नाही असे मात्र नाही. एक कार्ड दिवसभरासाठी मागवून त्यावर आमचे मॉडेल चालवून पाहिले होते. सॉफ्टवेअर बसवायला सकाळ गेली, दुपारी प्रशिक्षण सुरू झाले, संध्याकाळपर्यंत मॉडेलच्या चुकांचे प्रमाण दाखवणारा आलेख अपेक्षेप्रमाणे खाली येत होता. ‘ब’ च्या संकेतस्थळावरील सपोर्टची, म्हणजे तिचे सॉफ्टवेअर अधिकृतपणे कोणत्या कार्डांवर चालते याची, यादीही मी उघडली होती. आमचे कार्ड त्या यादीत होते. फक्त ते मुख्य तक्त्यात नसून त्याखालच्या छोट्या तक्त्यात होते, आणि त्या तक्त्याच्या शीर्षकात ‘मर्यादित’ असा शब्द होता. तो मी वाचला आणि पुढे गेलो. पहिली चूक ती.

अडचण

पहिले वर्ष समाधानात गेले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. चित्र दाखवण्याच्या कामात ‘ब’ ची कार्डे ‘अ’ पेक्षा सरस ठरली. त्यांचा ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातच (कर्नलमध्येच) समाविष्ट असल्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नव्हते आणि कर्नल बदलला तरी पडदा काळा होत नव्हता. प्रशिक्षणही चालत होते. ठोकळे मोठे झाले, जोडकाम कमी झाले.

कुरबुर सुरू झाली ती एका छोट्या जोड-लायब्ररीपासून. आमच्या क्षेत्रातल्या एका संशोधन गटाने पेशींच्या कडा अचूक काढणारी एक पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचा कोडही दिला. कोडचा गाभा ‘अ’ च्या संगणन-भाषेत लिहिलेला होता. अशा कोडचे आपोआप रूपांतर करणारे साधन ‘ब’ कडे होते आणि त्याने नव्वद-एक ओळी बिनतक्रार बदलून दिल्या; पण त्यात तीन ओळी थेट ‘अ’ च्या चिपच्या आज्ञांमध्ये लिहिलेल्या होत्या आणि त्यांच्याशी त्या साधनाला काही करता आले नाही. त्या तीन ओळी समजून घेऊन हाताने बदलायला मला नऊ दिवस लागले. ज्यांच्याकडे ‘अ’ चे कार्ड होते त्यांनी तीच पद्धत एका आज्ञेत बसवली होती. या नऊ दिवसांची नोंद कोणत्याही वेगचाचणीत होत नाही.

खरा धक्का खरेदीनंतर चौदा महिन्यांनी बसला. ‘ब’ ने आपल्या संगणन-संचाची नवी आवृत्ती काढली आणि तिच्या यादीतून आमचे कार्ड गेले. तेव्हा ते बाजारात विकले जात होते. सार्वजनिक लायब्ररीची पुढची आवृत्ती या नव्या संचावर बांधली गेली, आणि ती बसवून पहिला प्रयोग चालवला तेव्हा या चिपसाठी कोड उपलब्ध नाही अशा अर्थाचा एका ओळीचा संदेश आला. वापरकर्त्यांमध्ये यावर एक उपाय प्रचलित होता. एक पर्यावरण-चल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो अशी एक सेटिंग) बदलून आपण सॉफ्टवेअरला सांगायचे की ही चिप म्हणजे तिच्याच घराण्यातली, यादीत असलेली दुसरी चिप आहे. थोडक्यात, कार्डाला दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावायची. आम्ही तसे केले आणि सगळे चालू झाले.

चार आठवड्यांनी गटातील एक सहकारी निकाल तपासताना थबकली. तिच्या पडद्यावर पेशींच्या कडा होत्या, पण एका पट्ट्यात त्या कडा वळणदार असण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत होत्या. तिने चित्र मोठे केले. पायऱ्यांचे अंतर सगळीकडे सारखे होते, बरोबर ३२ पिक्सेल. सजीव पेशी ३२ च्या पाढ्यात वाढत नाही. तिने तेच प्रशिक्षित मॉडेल, तीच प्रतिमा, कार्ड बाजूला ठेवून साध्या प्रोसेसरवर चालवली; दोन तास लागले, पण कडा गुळगुळीत आल्या. म्हणजे मॉडेल ठीक होते, प्रतिमा ठीक होती, आणि कार्डावरची एक गणिती क्रिया कोणतीही तक्रार न करता चुकीचे आकडे देत होती. पुढे आम्ही संपूर्ण संच आमच्या खऱ्या चिपसाठी मूळ कोडपासून बांधून पाहिला तेव्हा पायऱ्या नाहीशा झाल्या. दोष दुसऱ्याच्या नावाने लावलेल्या हजेरीचा होता हे त्यावरून ठरले. एरर देऊन बंद पडणारे यंत्र परवडते. चार आठवड्यांचे निकाल पुन्हा काढावे लागले.

आम्ही ‘ब’ कडे बगची नोंद केली. चाळीस ओळींचा, कोणत्याही यंत्रावर चालवून पाहता येईल असा नमुनाकोड जोडला, दोन्ही निकालांची चित्रे जोडली. अकरा आठवड्यांनी उत्तर आले. ते सौजन्याने लिहिलेले होते आणि त्याचा आशय एवढाच होता की हे कार्ड अधिकृत यादीत नसल्यामुळे नोंद बंद करण्यात येत आहे. लिहिणाऱ्या अभियंत्याचा त्यात दोष नव्हता. त्याच्या हाती यादी होती आणि यादीपलीकडे जाण्याचा अधिकार बहुधा नव्हता.

यादी आखूड का राहते

आमच्या गटात त्या वेळी जो संताप होता त्याला थोडी तांत्रिक बाजू जोडली पाहिजे, कारण हा प्रश्न केवळ ‘ब’ च्या आळसाचा नाही.

ग्राफिक्स चिपची आज्ञावली पिढीगणिक बदलते. प्रोसेसरच्या जगात वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या यंत्रावर चालतो, तसे येथे गृहीत धरता येत नाही. या बदलाला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. एनव्हिडियाने पहिला मार्ग धरला आहे. तिचा कंपायलर कोड थेट चिपच्या आज्ञांमध्ये उतरवू शकतो, आणि शिवाय पीटीएक्स नावाच्या मधल्या रूपातही तो ठेवता येतो. कार्ड नवे असेल आणि त्याच्यासाठीच्या तयार आज्ञा लायब्ररीत नसतील, तर ड्रायव्हर हे मधले रूप जागेवरच त्या कार्डाच्या आज्ञांमध्ये बदलतो. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो, वेगही कदाचित सर्वोत्तम नसतो, पण प्रोग्राम चालतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक चिपसाठी स्वतंत्र कोड बांधून तो लायब्ररीत भरणे. हा मार्ग सरळ आहे, त्यातून चिपचा पूर्ण वेग काढता येतो, पण प्रत्येक नव्या चिपने लायब्ररीचा आकार वाढतो आणि ज्या चिपचा कोड भरलेला नाही तिच्यासाठी काहीच नसते. ‘ब’ चा मार्ग हा दुसरा होता.

त्याला चाचणीचा खर्च जोडा. दहा चिपा, लिनक्सच्या चार वितरणांच्या प्रत्येकी दोन आवृत्त्या, सार्वजनिक लायब्ररीच्या तीन आवृत्त्या, एवढ्यावर दोनशे चाळीस जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीसाठी कुठे तरी खरे यंत्र, खरे कार्ड आणि रात्री पडलेली चाचणी सकाळी पाहणारा माणूस लागतो. ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर-मनुष्यबळ मर्यादित आहे ती हे मनुष्यबळ मोठ्या सर्व्हर-ग्राहकांच्या कार्डांवर लावते आणि टेबलाखालच्या संगणकातले कार्ड छोट्या तक्त्यात ढकलते. ताळेबंद पाहणाऱ्याला हा निर्णय चुकीचा वाटणार नाही.

माझ्या मते तो चुकीचाच आहे, आणि त्याचा पुरावा या उद्योगाच्या इतिहासात आहे. एनव्हिडियाने २००६ च्या अखेरीस कुडा हे कार्डावर सर्वसाधारण गणित करू देणारे सॉफ्टवेअर जाहीर केले आणि २००७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हा ते केवळ महागड्या व्यावसायिक कार्डांपुरते ठेवले नाही. जीफोर्स ८ मालिकेपासूनच्या, खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या कार्डांवरही ते चालत होते. त्या वेळी बहुसंख्य खेळाडूंना त्याचा काही उपयोग नव्हता आणि चिपवरचा त्यासाठीचा खर्च वायफळ वाटावा अशीच स्थिती होती. पण विद्यार्थ्याच्या टेबलावर तेच कार्ड होते. २०१२ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्सकेव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी इमेजनेट या चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत ज्या मॉडेलने बाकीच्यांना मागे टाकले, ते जीटीएक्स ५८० या खेळांच्या दोन कार्डांवर प्रशिक्षित झाले होते. प्रत्येक कार्डावर फक्त ३ जीबी मेमरी होती. मॉडेल एका कार्डात मावत नव्हते, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग करून ते दोन कार्डांवर वाटले. मेमरी अपुरी पडली तरी मार्ग निघाला, कारण हाताशी असलेले सॉफ्टवेअर त्यांना कार्डाशी थेट बोलू देत होते. या ओळी लिहिताना मला आमची मेमरीवर खिळलेली नजर आठवते.

ड्रायव्हरवर केलेल्या कामाने तेच सिलिकॉन किती बदलू शकते याचे दुसरे उदाहरण २०२२ सालचे आहे. इंटेलने आर्क मालिकेची कार्डे आणली, तेव्हा डायरेक्टएक्स ९ वर (विंडोजवरील खेळांच्या ग्राफिक्स-मानकाच्या जुन्या आवृत्तीवर) लिहिलेल्या जुन्या खेळांसाठी त्यांच्यात स्वतंत्र ड्रायव्हर नव्हता. त्या आज्ञा डायरेक्टएक्स १२ मध्ये भाषांतरित करून चालवल्या जात होत्या आणि अनेक लोकप्रिय जुने खेळ त्यामुळे रखडत. पुढच्या काही महिन्यांत इंटेलने हा भाग नव्याने हाताळला आणि तेच कार्ड, चिपमध्ये काहीही न बदलता, त्याच खेळांत ठळकपणे वेगवान झाले. लिनक्सवर एएमडीच्या बाबतीत आणखी वेगळे घडले. कंपनीने २००७ पासून आपल्या चिपांची कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली होती. तिचा स्वतःचा व्हल्कन ड्रायव्हर खुला होण्याची वाट न पाहता बाहेरच्या प्रोग्रामरांनी २०१६ मध्ये मेसा या खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या प्रकल्पात रॅडव्ही हा ड्रायव्हर लिहायला घेतला, आणि २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक हे हातातले खेळयंत्र त्याच ड्रायव्हरवर चालते. कागदपत्रे खुली असतील तर काम करायला बाहेरची माणसे येतात. मात्र ती यायला वर्षे लागतात आणि ती आपल्या गरजेच्या जागीच काम करतात. प्रशिक्षणाची उतरंड कोणी हौसेने उभी करून देत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पायऱ्यांच्या घटनेनंतर आमच्यासमोर चार मार्ग होते, आणि त्यांवर दोन बैठका झाल्या. बाहेरची यंत्रे भाड्याने घेण्याची सूचना पहिल्याच बैठकीत बाद झाली, कारण प्रतिमा बाहेर पाठवण्याची आम्हाला परवानगी नव्हती.

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे जुन्या आवृत्तीवर थांबणे. सगळा संच एका कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या पेटीत, बंद करून ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. हा मार्ग ऐकायला सुरक्षित वाटतो, पण कंटेनरमध्ये वापरकर्ता-पातळीवरच्या लायब्ररी येतात. ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग बाहेरच राहतो. कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या लावायच्या तर तो बदलणार, आणि एका मर्यादेनंतर आतले जुने आणि बाहेरचे नवे यांचे जमणे थांबणार. शिवाय आम्हाला हवी असलेली नवी मॉडेले नव्या लायब्ररीतच होती.

दुसरा मार्ग माझ्या आवडीचा होता, आणि म्हणूनच धोक्याचा. आमच्या चिपसाठी सगळा संच आम्हीच बांधायचा. ते शक्य होते, मी करून दाखवले होते. एका बांधणीला अकरा तास लागत. पण त्यातून मिळालेला वेग अपेक्षेच्या निम्माच होता, कारण कोणत्या आकाराच्या ठोकळ्याला कोणती गणनपद्धत जलद पडते याची जी तयार नोंदवही संचासोबत येते, तिच्यात आमच्या चिपचे पान नव्हते. ते पान आपण भरू शकतो; त्यासाठी कार्ड दिवसचे दिवस स्वतःचीच चाचणी घेत बसते. मी भरायला तयार होतो. तेव्हा गटातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुम्ही महिनाभर रजेवर गेलात, तर हे कोण करणार?” उत्तर सगळ्यांना माहीत होते.

तिसरा मार्ग कोणत्याही एका कंपनीला न बांधलेल्या थराचा. प्रशिक्षित मॉडेल चालवण्यापुरते पाहिले तर व्हल्कनवर आधारलेले पर्याय आम्हाला पुरेसे वाटले आणि एका मॉडेलवर आम्ही ते यशस्वीपणे वापरूनही पाहिले. प्रशिक्षणासाठी मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती. ओपनसीएल हे खुले मानक २००८ च्या अखेरीस आले, म्हणजे कुडाच्या मागोमागच. तरीही आम्ही वापरत असलेल्या लायब्ररींच्या मुळाशी ते कुठेच नव्हते. मानक कागदावर असणे आणि त्यावर रोज काम करणारी माणसे असणे यात हा फरक पडतो.

चौथा मार्ग ‘अ’ कडे परत जाण्याचा होता, निम्म्या मेमरीसह.

निर्णय आणि कृती

आम्ही कामाचे विभाजन केले. प्रशिक्षणासाठी ‘अ’ ची १२ जीबीची दोन कार्डे घेतली. ‘ब’ ची चारही कार्डे ठेवली, पण त्यांच्याकडे चित्र दाखवण्याचे काम आणि व्हल्कनमार्गे तयार मॉडेल चालवण्याचे काम दिले. या दोन्हींसाठी लागणारा ड्रायव्हर चांगला होता आणि कोणत्याही यादीवर अवलंबून नव्हता.

१२ जीबीत मोठा ठोकळा बसवण्यासाठी दोन गोष्टी केल्या. गणित ३२ बिटांऐवजी शक्य तिथे १६ बिटांत केले, त्यामुळे मधल्या आकड्यांची जागा जवळपास निम्मी झाली. उरलेली तूट भरण्यासाठी मधले निकाल साठवून न ठेवता गरज लागेल तेव्हा ते पुन्हा काढायचे ठरवले; यात वेळ जातो, मेमरी वाचते. दोन्ही सोयी लायब्ररीत तयार होत्या आणि त्यांना मिळून दहा-बारा ओळींचा बदल पुरला. आमचा ठोकळा ‘ब’ वरच्या ठोकळ्याच्या जवळजवळ बरोबरीचा झाला. म्हणजे ज्या २४ जीबींसाठी आम्ही हा सगळा प्रवास केला होता, त्यांतला मोठा भाग सॉफ्टवेअरने भरून निघणारा होता, आणि पहिल्या खरेदीच्या वेळी हे मला ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. मी ते करून पाहिले नव्हते, इतकेच. दुसरी चूक ही.

याच टप्प्यावर एक सवय लावून घेतली, जी आजही चालू आहे. कोणतीही आवृत्ती बदलली की दहा ठरावीक प्रतिमा कार्डावर आणि साध्या प्रोसेसरवर अशा दोन्ही ठिकाणी चालवायच्या आणि निकालांतला फरक ठरलेल्या मर्यादेत आहे का ते पाहायचे.  त्या चार आठवड्यांच्या आधी ही सवय असती तर पायऱ्या पहिल्याच दिवशी दिसल्या असत्या, कार्ड कोणत्याही कंपनीचे असो.

परिणाम

एका प्रयोगाला लागणारा निव्वळ वेळ नव्या व्यवस्थेत वाढला. मेमरी वाचवण्यासाठी केलेल्या पुनर्गणनेची ती किंमत होती. तरीही निकाल हाती येण्याचा वेग वाढला, कारण प्रयोगांच्या मधले रिकामे दिवस गेले: बांधणीचे दिवस, शोधाशोधीचे दिवस, ‘हे मॉडेलचे की कार्डाचे?’ या प्रश्नात गेलेले दिवस. इतर गटांनी प्रसिद्ध केलेला कोड त्याच दिवशी चालवून पाहता येऊ लागला. ‘अ’ चा ड्रायव्हर निर्दोष होता असे नाही. एकदा कर्नल बदलल्यावर त्याचा भाग बांधला गेला नाही आणि यंत्र कार्डाशिवाय सुरू झाले. पण तोच संदेश शोधल्यावर तीच अडचण आलेली असंख्य माणसे आणि त्यांची उत्तरे सापडली, आणि तासाभरात काम मार्गी लागले. ‘ब’ च्या प्रत्येक संदेशासाठी शोध घेतला की दोन-तीन नोंदी मिळत. त्यांतली एक माझीच असे.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर या प्रकरणात ‘ब’ ने काय गमावले हे तिला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तिच्या हिशोबात चार कार्डे विकली गेली आणि एक बग नियमानुसार बंद झाला. आमच्या गटात शिकायला आलेल्या दोघांनी पहिला प्रोग्राम ‘अ’ वर लिहिला आणि पुढे गेल्यावरही ते ‘अ’ वरच लिहितील. आमच्या पेशी-ओळख कोडसोबत ‘अ’ वर चालवण्याच्या सूचना गेल्या. तो वापरणाऱ्यांनी आपापली खरेदी त्यानुसार केली असणार. विक्रीच्या तक्त्यात यातले काही दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

आमच्या बाजूने सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे चाचणी एका दिवसाची होती आणि ती केवळ आजपुरती होती. खरेदीपूर्वी मी ‘ब’ च्या मागच्या चार-पाच आवृत्त्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहायला हव्या होत्या. एखादे कार्ड यादीत आल्यापासून किती आवृत्त्या टिकते हे त्यातून अर्ध्या तासात दिसले असते. पुढे मी ते केले; आमच्याआधी दोन कार्डांचे नेमके हेच झाले होते. चारऐवजी एकच कार्ड घेऊन सहा महिने थांबणे हाही मार्ग होता, फक्त यादीतले आमचे कार्ड त्या सहा महिन्यांत टिकले असते आणि आम्ही उरलेली तीनही घेतली असती, त्यामुळे त्याने फार काही वाचले असते असे मला वाटत नाही.

दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावण्याचा उपाय आम्ही निकालांची तुलना न करता स्वीकारला, याचे समर्थन करता येत नाही. तो उपाय वापरणारे हजारो जण असतील आणि त्यांतल्या बहुतेकांचे निकाल बरोबरच येत असतील. पण बहुतेकांचे म्हणजे आपले नव्हे.

‘ब’ ला पैसे न वाढवता करता आली असती अशी एक गोष्ट होती. यादीतून कार्ड काढण्यापूर्वीच ते पुढच्या किती आवृत्त्यांपर्यंत टिकेल हे जाहीर करणे. चाचणी नको, हमी नको, फक्त तारीख. ती असती तर आम्ही तिच्याभोवती नियोजन केले असते, कदाचित ‘ब’ चेच मोठ्या श्रेणीचे कार्ड घेतले असते. दुसरी गोष्ट थोडी खर्चाची आहे: चुकीच्या नावाने चालणारे कार्ड ओळखून निदान लॉगमध्ये इशारा देणे. आमची सहकारी त्या पायऱ्यांपर्यंत चार आठवड्यांनी पोचली, लॉगमधली एक ओळ तिला पहिल्या मिनिटाला थांबवू शकली असती.

आठ महिन्यांनी ‘ब’ ने नवी आवृत्ती काढली आणि आमचे कार्ड मुख्य तक्त्यात परत आले. नोंदवहीत त्याचे पानही भरले होते, म्हणजे कोणी तरी ते काम मनापासून केले होते. बातमी मी बैठकीत सांगितली. दहा प्रतिमांची चाचणी ‘ब’ वर लावून पाहावी का, असा विषय निघाला आणि त्या आठवड्यात दुसरे काम असल्यामुळे पुढे ढकलला गेला. त्याला आता वर्ष होत आले. चारही कार्डे चित्र दाखवण्याच्या यंत्रांत आहेत आणि पेशी अतिशय सुरेख फिरवतात.